एक जूनवाल्यांचं सोपं गाणं

साळवेबाईंनी माझ्या बोटांवर पेनानं आकडे लिहिले,
अंगठ्यापासून एक ते पाच.
चौथ्यावर जागा नव्हती,
तिथं मिलमधल्या सळईनं आधीच काहीतरी लिहिलेलं.
"हे वळतं का?"
नाही म्हटलं, बाई, घास उचलतानाही वेगळंच उभं राहतं.
"मग त्याला सुट्टी. चार बोटांचं बसवू."

जुन्या जालन्यात, चर्चच्या मागच्या खोलीत
पियानोचे पाय पत्र्याच्या झाकणांत उभे,
झाकणांत रॉकेल, वाळवी चढू नये म्हणून.
मधली एक पट्टी मेलेली. दाबली की नुसतं लाकूड बोलतं, टक.
बाईंनी गाणं तिच्याभोवतीच रचलं.
म्हणाल्या, "इथं आवाज येणार नाही.
त्या जागी पोरीचं नाव म्हणायचं."
पोरीचं नाव श्रावस्ती.
बाई बोटांवर मोजत बसल्या.
"मोठं आहे. दोनदा दाबा."

रात्रपाळी सुटली की सातला यायचो,
कपड्यांना भट्टीचा वास.
बाई खिडकी उघडायच्या, बोलायच्या काही नाहीत.
आणि रात्री मिलमध्ये, जेवणाच्या सुट्टीत,
डब्याच्या झाकणावर
एक, तीन, दोन, पाच, एक, तीन, दोन, टक.
कदीरभाई म्हणाला, "कामून बोटं नाचवायलास रे खरात?"
पोरीचा वाढदिवस आहे.
"मग केक आण की."
केक बी आणतो.

वाढदिवसाला सोळा पोरं बोलावली, आली सहा.
नळाला आठव्या दिवशी पाणी आलेलं,
बाकीची हंड्यांमागं रांगेत.
मी वाजवलं.
नवव्या सुराला चुकलो, परत मागं गेलो,
तिथून नीट शेवटापर्यंत.
पोरीनं टाळ्या वाजवल्या नाहीत.
तिचं लक्ष माझ्या नखांकडं होतं,
ती मी मुद्दाम दगडानं घासून आणलेली.
मग म्हणाली, "परत."

तिसऱ्यांदा वाजवून झालं तेव्हा विचारलं,
"पप्पा, तुमचा कधी असतो?"
एक जूनला.
"आणि मम्मीचा?"
एक जूनलाच.
"कदीरकाकांचा?"
कदीरभाई तोंडातला केक गिळून म्हणाला,
"एक जून, बेटा. गुरुजी लई घाईत होते."
"मग आजीचा?"
आजी कुठं शाळेत गेली, बाळा.
सहाही पोरं गप्प झाली.
आजीला वाढदिवसच नाही, हे त्यांना
आम्हाला कधी वाटलं नव्हतं एवढं वाईट वाटलं.

बाईंचा स्वतःचा जन्म बाप्तिस्म्याच्या वहीत, वेळेसकट.
त्यांनी डोळे पुसले की चष्मा, कळलं नाही.
म्हणाल्या, "एक जूनला या सगळे. आजींनाही आणा."

गेलो.
चव्वेचाळीस डिग्री, दुपारी लाईट गेलेली,
पियानोला तिची गरज नव्हती.
मी, बायको, कदीरभाई, चर्चचा शिपाई,
मिलमधले तिघं, एक रिक्षावाला
जो नुसता आम्हाला सोडायला आला होता
आणि तारीख ऐकून चपला काढून आत बसला.
आई खुर्चीवर, पदर दोन्ही हातांत धरून.

मी सुरू केलं. एक, तीन, दोन, पाच,
एक, तीन, दोन,
आणि मेलेल्या पट्टीवर प्रत्येकानं आपापलं नाव म्हटलं,
एकदमच, एकमेकांच्या अंगावर,
यष्टीत शिरताना होतं तसं.
कोणाचंच धड ऐकू आलं नाही.
सगळे हसायला लागले.
मी पुढच्या सुराकडं बोट नेलं होतं,
तेवढ्यात श्रावस्तीनं माझा दंड धरला.

आई तोंड उघडून बसली होती.
तिला आख्खं गाव खरातांची म्हातारी म्हणतं,
त्याआधी भास्करची माय,
त्याआधी धाकली.
स्वतःचं नाव तिला आतून शोधून आणावं लागत होतं.

मी पट्टी दाबूनच धरली.
रस्त्यानं मोसंबीचा गाडा गेला.
बाई थांबल्या, कदीरभाई थांबला.

"तान्हाबाई," आई म्हणाली.